पेनी ऑक्शन : हरणाऱ्यांच्या पैशावर चालणारा लिलाव

२००९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ‘स्वूपो’ नावाच्या संकेतस्थळावर अॅपलचा एक मॅकबुक प्रो ३५ डॉलर ८६ सेंटना विकला गेला. साइटने त्याची बाजारभावाची किंमत दिली होती १,७९९ डॉलर. एवढंच वाचलं तर कुणाचाही हात खिशाकडे जाईल, आणि अशाच आकड्यांच्या जाहिराती करून या साइट्सनी गिऱ्हाईक जमवलं. पूर्ण हिशेब मांडला की मात्र वेगळंच दिसतं. त्या लिलावात एका बोलीने किंमत फक्त एका सेंटने वाढत होती. ३५.८६ डॉलरपर्यंत पोचायला ३,५८५ बोल्या लागल्या, आणि प्रत्येक बोलीला ६० सेंट मोजावे लागत होते. ते जिंकलात तरी गेले, हरलात तरी गेले. बोल्यांचे २,१५१ डॉलर आणि वर विक्रीची किंमत, असे एकूण २,१८६ डॉलर ८६ सेंट एका लॅपटॉपवर जमा झाले. जिंकणाऱ्याने स्वतः साडेसातशेहून अधिक बोल्या लावल्या होत्या. त्यांचे ४६९ डॉलर ८० सेंट धरूनही त्याला लॅपटॉप साधारण ५०५ डॉलरना पडला. त्याचा सौदा चांगलाच झाला. उरलेले १,६८१ डॉलर ज्यांच्या कार्डावरून गेले, त्यांच्या हातात काहीच आलं नाही.

पेनी ऑक्शनबद्दल ग्राहकांनी गेल्या दीड दशकात जे काही सांगितलं आहे, ते सगळं या एका हिशेबाभोवती फिरतं. कुणी लुबाडला गेलो म्हणतो, कुणी स्वस्तात टीव्ही मिळाल्याचं अभिमानाने सांगतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. पहिल्याच्या पैशातून दुसऱ्याचा टीव्ही आलेला असतो.

हा प्रकार जन्मला जर्मनीत. म्युनिकच्या एन्टरटेनमेंट शॉपिंग या कंपनीने २००५मध्ये ‘टेलिबिड’ सुरू केलं, पुढे त्याचं नाव स्वूपो झालं, आणि ब्रिटन, स्पेन करत २००८मध्ये ते अमेरिकेत पोचलं. व्हिडिओ गेमपासून सोन्याच्या लगडीपर्यंत सगळं तिथे लिलावाला असे. नेहमीच्या लिलावात शेवटी एकच माणूस पैसे देतो, बाकीचे हात हलवत घरी जातात. इथे बोलीचीच फी असते, आणि ती परत मिळत नाही. शिवाय लिलावाला ठरलेला शेवट नसतो. पडद्यावर घड्याळ उलटं धावत असतं. ते शून्यावर येण्याआधी कुणी बोली लावली की पुन्हा दहा, पंधरा किंवा वीस सेकंद वाढतात. ज्याच्या बोलीनंतर घड्याळ खरोखर शून्याला टेकेल, तो जिंकला.

अर्थशास्त्रज्ञांना यात फार जुनी ओळख पटली. मार्टिन शुबिक यांनी १९७१मध्ये ‘डॉलर ऑक्शन’ नावाचा एक खेळ मांडला होता. एक डॉलरची नोट लिलावाला ठेवायची. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला ती मिळते, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाही आपली बोली भरावी लागते. मग ९५ सेंटवर अडकलेला माणूस तेवढे बुडू नयेत म्हणून एक डॉलर पाच सेंट म्हणतो, आणि एका डॉलरसाठी दोघे डॉलरच्या पलीकडे जातात. शुबिक यांनी हे दाखवलं ते माणसं शहाणपणाच्या एकेका पावलाने वेडेपणापर्यंत कशी पोचतात हे समजावं म्हणून. त्यातून कोणी व्यवसाय काढेल हे त्यांच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. स्वूपोने काढला, आणि एकाऐवजी शेकडो हरणारे एका लिलावात आणले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड थेलर यांनी २००९मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आपल्या स्तंभात स्वूपोची दखल घेतली होती.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. बहुतेकांचा पहिला धक्का लिलावातला नसतोच, तो नोंदणीतला असतो. क्विबिड्स ही ओक्लाहोमा सिटीतून चालणारी मोठी साइट. तिथे सुरुवातीला १०० बोल्यांचा संच ६० डॉलरना घ्यावा लागे. आपण नुसतं खातं उघडतोय अशा समजुतीने कार्डाचा क्रमांक दिलेल्या अनेकांना बँकेचं विवरण आल्यावर हे ६० डॉलर दिसले, आणि तक्रारींचा मोठा भाग याच रकमेबद्दल होता. स्वाइपबिड्स नावाच्या साइटने याच्या कितीतरी पुढची पायरी गाठली. फुकट बोल्या मिळतील म्हणून माणूस आत शिरे आणि दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम कार्डावर पडे. कॅनडातून चालणाऱ्या ज्या कंपन्यांच्या जाळ्यात ही साइट होती, त्यांच्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११मध्ये खटला भरला. ‘फुकट चाचणी’ म्हणून विकलेली इतरही बरीच उत्पादनं त्यात होती. २०१२च्या तडजोडीत ३५.९ कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला.

नोंदणी पार पडली की घड्याळ सुरू होतं. समजा, एक कॅमेरा १४ डॉलर ३२ सेंटवर आहे. सात सेकंद उरलेत. नवं गिऱ्हाईक बोली लावतं, त्याचं नाव वर झळकतं, घड्याळ दहावर जातं. नऊ, आठ, सात. कुणीच नाही. चार, तीन. छातीत धडधड सुरू होते. दोन, आणि दुसरंच नाव वर येतं, किंमत १४ डॉलर ३४ सेंट. ६० सेंट गेले. प्रत्येक वेळी फक्त ६० सेंटच जातात, ही यातली खरी मेख. पन्नास डॉलर एकदम मागितले असते तर तोच माणूस पाकीट मिटून उठला असता. शिवाय समोरचं नाव माणसाचं असलं तरी बोटं त्याचीच असतात असं नाही. जवळजवळ प्रत्येक साइट आपोआप बोली लावणारं साधन देते. स्वूपोवर त्याचं नाव बिडबटलर होतं, डीलडॅश या साइटवर बिडबडी. दोनशे बोल्या त्यात भरून माणूस जेवायला निघून जातो, आणि नवखा इकडे एकेक बोली लावत त्या यंत्राशी झगडत राहतो. आपल्यासमोर माणूस आहे की त्याने सोडून दिलेलं साधन, आणि त्यात अजून किती दारूगोळा शिल्लक आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणूनच ग्राहकांच्या तक्रारींत एक वाक्य सतत येतं : समोर माणूस नव्हता, कंपनीच बोली लावत होती. छोट्या साइट्सच्या बाबतीत ही शंका काही वेळा खरी ठरली. वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरलने पेनीबिडर या साइटवर नेमका हाच आरोप ठेवला. खऱ्या ग्राहकाने घड्याळ शून्याजवळ आणलं की साइटची बनावट खाती बोली लावत आणि किंमत पुढे ढकलत. फेडरल ट्रेड कमिशनने २०११मध्ये ग्राहकांना जो इशारा दिला, त्यातही बनावट बोलीदार आणि बॉट यांचा उल्लेख होता. जोडीला माल उशिरा येणं, न येणं, दाखवला एक आणि पाठवला दुसराच, या तक्रारी होत्या. आणि पेनी ऑक्शन हे लिलावापेक्षा लॉटरीच्या जवळ जातं, असं कमिशनने स्पष्ट सांगितलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेटर बिझनेस ब्यूरोने वर्षातल्या मुख्य फसवणुकींच्या यादीत पेनी ऑक्शनला जागा दिली.

इथपर्यंतची हकिगत चोरांची आहे. चोर पकडता येतात. पण कुठलीही लबाडी न करणाऱ्या साइटवर ग्राहकाचं काय होतं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि त्याचं उत्तर बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ नेड ऑगेनब्लिक यांनी आकड्यांतून दिलं.

त्यांनी स्वूपोवरचे तब्बल १,६६,००० लिलाव तपासले. ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’मध्ये २०१६ साली आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की लिलाव करणाऱ्याचा सरासरी नफा ५० टक्क्यांच्याही वर होता. शंभर डॉलरच्या वस्तूमागे ग्राहकांनी मिळून दीडशेहून अधिक डॉलर दिले. सगळे खेळाडू थंड डोक्याने खेळले असते तर असं व्हायला नको होतं. प्रत्येक बोलीची किंमत आणि तिच्यातून मिळणारी आशा सारखीच निघाली असती. मग फरक कुठून आला? बुडालेल्या पैशाकडे पाहण्याच्या माणसाच्या सवयीतून. आतापर्यंत घातलेले चाळीस डॉलर काहीही केलं तरी परत येणार नाहीत, त्यामुळे पुढची बोली लावताना त्यांचा विचार करण्यात अर्थ नसतो. माणूस मात्र नेमका त्यांचाच विचार करतो. जितके जास्त घातले तितकं उठायला जड जातं. खेळाडू यातून शिकतात, असंही ऑगेनब्लिक यांना दिसलं, पण फार सावकाश.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. साइटला बनावट बोलीदार बसवण्याची गरजच नव्हती. खरे ग्राहकच एकमेकांसाठी ते काम करत होते, तेही फी भरून. ‘बॉट होते’ म्हणणाऱ्या ग्राहकाच्या मनात अजून एक दिलासा असतो, की साइट सरळ असती तर आपण जिंकलो असतो. सरळ साइटवरही बहुतेक जण हरलेच असते. हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण प्रत्येक लिलावाच्या शेवटी पडद्यावर नाव येतं ते एकट्या विजेत्याचं.

मग नफा एवढा असताना स्वूपो का बुडालं? २०११च्या मार्चमध्ये मूळ कंपनीने म्युनिकमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. याचं बरंचसं उत्तर झोंगमिन वांग आणि मिनबो शू यांच्या अभ्यासात सापडतं. त्यांना ‘बिगडील’ या अमेरिकी साइटवरच्या प्रत्येक बोलीची आणि प्रत्येक बोलीदाराची नोंद मिळाली. नव्याने आलेल्यांपैकी प्रचंड बहुसंख्य पैसे गमावत होते आणि लवकरच निघून जात होते. मागे उरत होते ते मूठभर मुरलेले खेळाडू. कुठला लिलाव कधी हेरायचा, कुणाला नमवायचं, कुठे माघार घ्यायची हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते चांगली कमाई करत होते. थोडक्यात, साइटला दरमहा नवी माणसं लागत होती, ती आणायला जाहिरातीवर खर्च करावा लागत होता, आणि एकदा पोळलेला माणूस परत फिरकत नव्हता. इतर दुकानदारांना जुनं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. या धंद्यात जुनं गिऱ्हाईक साइटच्या नफ्यातला वाटेकरी होऊन बसतं.

जॉन बायर्स, मायकेल मिट्झेनमाकर आणि जॉर्जिओस झेरवास या संशोधकांनी २०१०मध्ये याच विषमतेचा दुसरा कोपरा उजेडात आणला. सगळे बोलीदार एकाच मैदानावर नसतात. स्वूपोवर बोल्यांचे संचही लिलावातच मिळत, त्यामुळे ज्याने ते स्वस्तात पटकावले त्याला एक बोली ६० सेंटपेक्षा कितीतरी कमी दरात पडे. नवखा पूर्ण भाव देत होता आणि समोरचाही तेवढाच देतोय असं समजत होता. आपल्याविरुद्ध किती जण बसलेत याचा त्याचा अंदाजही चुकत असे. अशा प्रत्येक गैरसमजाने साइटची मिळकत वाढते, हे त्यांनी गणिताने दाखवलं.

तक्रारी वाढल्या तशा काही साइट्सनी सुधारणाही केल्या, आणि त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे हरल्यावर तीच वस्तू विकत घेण्याची सोय. क्विबिड्सवर हरलेला माणूस बोल्यांवर गेलेली रक्कम वजा करून उरलेल्या किमतीत वस्तू घेऊ शकतो. डीलडॅशवर पूर्ण किमतीत वस्तू घेतली तर त्या लिलावात खर्च झालेल्या बोल्या खात्यात परत येतात. दोन्हीकडे नुकसान थांबवायला एक दार उघडलं. एका ग्राहकाने किती वस्तू जिंकाव्यात यावर मर्यादा आल्या, आणि फक्त नवख्यांसाठी वेगळे लिलावही काहींनी सुरू केले.

पण या दारातून जाताना किंमत कोणाची धरायची, हा प्रश्न उरतो. वस्तू नामांकित कंपनीची असेल तर बाजारात भाव पाहता येतो. इतर दुकानांत न दिसणाऱ्या नावाचं घड्याळ किंवा पर्स असेल तर साइट म्हणेल तीच ‘मूळ किंमत’. मग बोल्या वजा होऊनही माणूस महागच घेतो. अमेरिकेतल्या ‘ट्रुथ इन अॅडव्हर्टायझिंग’ या संस्थेने डीलडॅशच्या जाहिरातींविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनकडे दाद मागितली होती. जाहिरातीत बचतीचे आकडे ठळक असतात, त्यात बोल्यांचा खर्च दिसत नाही, ही तक्रार या सबंध धंद्याविरुद्ध आजही उभी आहे. आणि ४० डॉलर गमावलेल्या माणसाला नको असलेली वस्तू १५० डॉलर आणखी घालून घ्यायला लावणं, ही सुधारणा ग्राहकाच्या बाजूने किती आणि दुकानाच्या बाजूने किती, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र लिलावात बोली लावणाऱ्यांचं झालंच नाही. ते झालं लिलावाच्या नफ्यात वाटा घ्यायला आलेल्यांचं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टन या छोट्या गावातून पॉल बर्क्स यांनी ‘झीकलर’ नावाची पेनी ऑक्शन साइट चालवली. २०११मध्ये तिला ‘झीकरिवॉर्ड्स’ची जोड दिली. योजना अशी : महिन्याला १०, ५० किंवा ९९ डॉलर वर्गणी भरा, बोल्यांचे संच विकत घ्या, ते नव्या ग्राहकांना वाटा, रोज इंटरनेटवर कुठेतरी झीकलरची एक जाहिरात टाका, आणि कंपनीच्या रोजच्या नफ्यातला निम्म्यापर्यंतचा वाटा घ्या. रोज साधारण दीड टक्का परतावा दिसत होता. पेनी ऑक्शनमध्ये भरमसाट नफा असतो हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर होतं, म्हणून हे आकडे पटलेही. हरणाऱ्यांच्या बाजूला न बसता मालकाच्या बाजूला बसायला मिळतंय, असं लोकांना वाटलं.

१७ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने हे सगळं बंद पाडलं. कमिशनचं म्हणणं होतं की दहा लाखांहून अधिक लोकांकडून ६० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम गोळा झाली, आणि झीकरिवॉर्ड्सच्या उत्पन्नातला जवळपास ९८ टक्के पैसा नव्या सभासदांकडूनच आलेला होता. लिलाव हा केवळ दर्शनी भाग होता. रोजचा ‘नफा’ बर्क्स स्वतः ठरवत, त्याचा कुठल्याही जमाखर्चाशी संबंध नव्हता, हे फौजदारी खटल्यात पुढे आलं. २०१६मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं, २०१७च्या फेब्रुवारीत १४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली आणि २४.४ कोटी डॉलर भरपाईचा आदेश निघाला. न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरला गेलेला पैसा गोळा करायला नऊ हजारांहून अधिक अशा लोकांवर दावा लावावा लागला, ज्यांनी घातल्यापेक्षा जास्त काढलं होतं. त्यांतल्या कित्येकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नातेवाइकांना स्वतःच या योजनेत ओढलं होतं, आणि आता मिळालेला पैसा परत करायची वेळ त्यांच्यावर आली.

कायदा या प्रकाराकडे कसं पाहतो? सर्वत्र सारखं नाही. जर्मनीत, जिथे हा धंदा सुरू झाला, तिथे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३मध्ये असे लिलाव जुगारात मोडतात असा निर्णय दिला : बोलीचे पैसे परत मिळत नाहीत आणि शेवटची बोली कोणाची ठरणार हे मुख्यतः योगायोगावर अवलंबून असतं. अमेरिकेत मात्र कारवाई झाली ती फसव्या जाहिराती, खोटे बोलीदार आणि न सांगता घेतलेले पैसे यांच्याविरुद्ध. लिलावाची मूळ रचना तिथे शाबूत राहिली, आणि डीलडॅशसारख्या साइट्स त्यानंतरही चालत राहिल्या.

भारतात या प्रश्नाची मुळं जुन्या मुंबई राज्यापर्यंत जातात. बेंगळुरूहून निघणारं एक साप्ताहिक बक्षिसांची शब्दकोडी चालवत असे आणि त्याचा मोठा खप तेव्हाच्या मुंबई राज्यात होता. त्यावरच्या कराचा वाद ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की जिथे यश मुख्यतः नशिबावर अवलंबून आहे, अशा स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. कौशल्य आणि नशीब यांची ही फारकत सहा दशकांहून अधिक काळ आपल्याकडे कसोटी म्हणून वापरली गेली. २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करताना ती बाजूला ठेवली. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलेला ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो बंद. पेनी ऑक्शन चालवणारा अर्थातच म्हणेल की हा खेळ नाही, ही खरेदी आहे. ग्राहकाच्या हाती त्या वादाचा निकाल लागेपर्यंत दुसरं हत्यार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. खोटी घाई निर्माण करणं आणि किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं या दोन्ही तिच्यात आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पण पेनी ऑक्शनचं घड्याळ खोटं नसतं, ते फक्त कधीच शेवटचं नसतं. बोलीची किंमतही लपवलेली नसते. लपलेली असते ती बेरीज. विजेत्याने किती बोल्या लावल्या आणि त्याची किती बचत झाली, हे स्वूपो आपल्या पानावर दाखवत असे. त्याच लिलावात बाकीच्यांचे मिळून किती पैसे गेले आणि ते किती जण होते, हे आकडे विक्रीच्या किमतीशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायची सक्ती नियंत्रकांना अगदी सहज करता येईल. साइटकडे ते प्रत्येक सेकंदाला तयारच असतात.